सात मजल्यांचे अभ्रे

शैला, तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. मी रडले नाही. तुझी सून बघत होती माझ्याकडे. एवढी वर्षं बरोबर काम केलं म्हणतात आणि ही बाई डोळ्याला पदरसुद्धा लावत नाही, असं तिला वाटलं असणार. वाटू दे. रडायचं तर आधी राग सोडावा लागला असता, आणि राग मला अजून लागणार आहे.

वॉर्डात मी आया, तुला सिस्टर म्हणायचे, पुढे मेट्रन मॅडम. तिथं सगळं तुम्ही आणि आम्ही. ड्यूटी सुटली की नौपाड्यातून स्टेशनापर्यंत आपण चालत जायचो. तू डोंबिवलीची गाडी धरायचीस, मी पूल ओलांडून कोपरीत उतरायचे. त्या रस्त्यावर मी तुला शैले म्हणायचे आणि तू मला हिरे. आता तुला वॉर्ड राहिला नाही, तेव्हा इथून पुढचं सगळं बोलणं रस्त्यावरचंच.

हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या ऋचा मॅडमने परवा मला बोलावलं. हॉस्पिटलच्या छोट्या पुस्तकात तुझ्यावर एक पान येणार आहे. म्हणाल्या, "मावशी, मॅडमना तुमच्याइतकं कोणी ओळखत नव्हतं. चांगल्या नेत्याचे पाच गुण सांगा. एकेका शब्दात चालेल."

"पाचच का?"

"पानावर पाच चौकटी आहेत."

"आणि पाचवा नसला तर?"

"सुचवते ना मी. बदल स्वीकारणे, सगळ्यांना बरोबर घेऊन जाणे, संवाद..."

मुलगी वाईट नाही. तिला चौकटी भरायला सांगितल्या आहेत, ती भरते. पण तुझ्या पाच चौकटींतली एक काळी निघाली असती आणि ती छापली नसती. म्हणून मी तिचा कागद परत दिला आणि म्हटलं, मी घरून लिहून आणते. छापायचं तर सगळं छापा, नाहीतर राहू दे.

सुरुवात तुला आठवते का, चौदा खाटांचं नर्सिंग होम होतं ते. तू नुकती शिकून आलेली, राजापूरकडची, बोलताना मान जरा वाकडी करणारी. मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी, पदरी दोन पोरं. पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला प्रत्येक पेशंटची माहिती देते, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. तेव्हा आम्ही आया दाराबाहेर उभ्या राहायचो. आत नर्स बोलणार, डॉक्टर आले असतील तर ते बोलणार, आणि सगळं झाल्यावर कोणी तरी म्हणणार, "मावशी, तीन नंबरची चादर बदला."

एकदा रस्त्यात मी तुला मिठागराची गोष्ट सांगितली. माझी आई कोपरीच्या खाडीकडच्या मिठागरावर टोपल्या वाहायची. तिथला मुकादम कडक होता, शिव्या देणारा. पण सकाळी खाडीचं पाणी आत घेण्याआधी तो बायकांना रांगेत उभं करायचा आणि विचारायचा, "बाय, आज बांध कुठं मऊ लागला?" मालकाला आणि स्वतःच्या पोराला नंतर विचारायचा. कारण बांधावरून अनवाणी, डोक्यावर ओझं घेऊन बायका चालायच्या. बांध झिरपायला लागला की पहिल्यांदा त्यांच्या तळपायाला कळायचं. वरून बघणाऱ्याला तो दिसायचा तेव्हा पाणी आत शिरलेलं असायचं.

 स्टेशन येईपर्यंत गप्प होतीस. मला वाटलं, हिला कंटाळा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ओव्हरच्या वेळी तू दार उघडलंस आणि म्हणालीस, "मावशी, आत या. आधी मावशी बोलेल, मग आपण." मोठ्या नर्सेस एकमेकींकडे बघायला लागल्या. माझ्या तोंडाला कोरड पडली. मी म्हटलं, "पाच नंबरच्या बाई दोन दिवस जेवत नाहीत. ताट रिकामं असतं, कारण त्यांची बहीण येऊन खाते." सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस. पाच नंबरच्या बाईंचं वजन केलंस.

तेव्हापासून तो नियम झाला. बाकी ठिकाणी कसं असतं मला माहीत नाही. आपल्याकडे रोज पाळी बदलताना सगळ्यात खालची बाई सगळ्यात आधी बोलायची. डॉक्टर आले तरी थांबायचे. मोठे डॉक्टर तर चिडायचे. एकदा म्हणाले, "सिस्टर, मला ओपीडी आहे." तू म्हणालीस, "मग मावशीला भराभर बोलायला सांगते, सर." मी मुद्दाम सावकाश बोलले होते त्या दिवशी. रस्त्यात तू मला चिमटा काढलास.

मग इमारत झाली. सात मजले. आम्हा आयांना कॉन्ट्रॅक्टरकडे दिलं. कपडे तेच, बादली तीच, फक्त आम्ही आता हॉस्पिटलच्या राहिलो नाही. हजेरीला अंगठ्याचं मशीन आलं. आमच्या अंगठ्यांवर रेषा कुठं होत्या? फिनाईल आणि सोड्यानं कधीच घासून गेलेल्या. मशीन म्हणायचं, पुन्हा लावा. पुन्हा लावा. निम्म्या बायका कामावर असून गैरहजर लागल्या. तू वर जाऊन सांगितलंस, वरून उत्तर आलं की सिस्टिम नवीन आहे, बसेल हळूहळू.

तेव्हा तू काय केलंस ते ऋचा मॅडमला माहीत नाही. ती तेव्हा शाळेत असेल. तू स्वतःचा अंगठा लावणं बंद केलंस. रोज वेळेवर यायचीस, मशीनसमोर उभी राहायचीस, आणि हात पदराखाली धरून आत जायचीस. अकरा दिवस. बाराव्या दिवशी हॉस्पिटलची सिस्टर इनचार्ज अकरा दिवस गैरहजर म्हणून कागद निघाला आणि तुला वर बोलावलं. तू म्हणालीस, "माझ्या बायकांचा अंगठा लागत नाही तोवर माझाही लागत नाही. मशीनचा दोष आहे, तपासून घ्या." आठवड्यात आम्हाला गळ्यात अडकवायची कार्डं मिळाली.

हे मी गोड सांगत बसले असते तर इथेच थांबले असते. पण पुढचं आहे.

तुला मेट्रन केलं. तुला एका हॉटेलात दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. नेतृत्व शिकायला. आल्यावर रस्त्यात तू सांगितलंस की तिथं सगळ्यांना डोळे मिटून मागे पडायला लावलं, मागचा माणूस झेलतो का बघायला.

"पडलीस?"

"नाही. म्हटलं, माझ्या कमरेची हमी कोण घेतं ते आधी लिहून द्या."

"मग?"

"मग मला झेलणाऱ्यांत उभं केलं. एक ढेरपोट्या मॅनेजर माझ्या अंगावर पडला."

आपण दोघी राम मारुती रोडच्या कोपऱ्यावर भिंत धरून हसलो होतो. मला वाटलं, वर गेली तरी ही तीच आहे.

वर्षभरानं टॅब आले. प्रत्येक नर्सच्या हातात एक. गोळ्या दिल्या, लघवी झाली, जेवण झालं, सगळं खुणा करून भरायचं. ओव्हर आता खाटेपाशी उभं राहून टॅबवरून. नर्सेसना टॅबमध्ये शिरायचा नंबर मिळाला. आम्ही कॉन्ट्रॅक्टरच्या, आम्हाला नाही. पहिल्या सकाळी मी नेहमीसारखी पुढे झाले, तर नवीन इनचार्ज म्हणाली, "मावशी, तुम्ही बाहेर थांबा. यात तुमचं काही नाही." मी विचारलं कोणी ठरवलं. तिनं कागद दाखवला. खाली तुझी सही.

त्या दिवशी रस्त्यात मी तुला विचारलं, "सही का केलीस?"

"वाचून केली."

"मग आम्ही कुठं आहोत त्यात?"

"नाही आहात. सध्या."

"सध्या म्हणजे?"

"हिरे, नवीन वस्तू आली की पहिल्या दिवशी तिच्याशी भांडायचं नसतं. ती कुठं अडते ते बघायचं असतं."

"अंगठ्याच्या वेळी भांडलीस."

"तेव्हा मी वॉर्डात होते. आता वरच्या टेबलावर बसते. अडून बसले तर मला घरी पाठवतील, आणि माझ्या खुर्चीत जो येईल त्याला तुझं नावही माहीत नसेल."

"खुर्ची घट्ट धर मग," मी म्हटलं. "मागे पडशील. झेलायला मी नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी गोखले रोडनं जायला लागले. तीन आठवडे आपण बरोबर चाललो नाही.

आता ते सांगते जे तुला कधी सांगितलं नाही.

चौथ्या मजल्यावर नऊ नंबरला एक आजोबा होते, दामले. चित्रकलेचे मास्तर होते. प्राची तेव्हा नवीन नर्स होती, कल्याणहून यायची, पोर कामाला चोख. ती त्यांच्या तोंडात गोळ्या घालायची, पाणी द्यायची, समोर उभी राहायची आणि टॅबवर खूण करायची. आजोबा गोळ्या जिभेखाली धरायचे. ती वळली की काढून उशीच्या अभ्र्यात टाकायचे. त्या बीपीच्या गोळीनं त्यांना चक्कर यायची. चक्कर आली की खाली उतरू देत नाहीत, खाटेवरच भांडं लावतात. त्यांना त्याची लाज वाटायची.

उशीचे अभ्रे मी बदलते. पहिल्याच सकाळी कोपऱ्यात दोन गोळ्या सापडल्या, अर्धवट विरघळून कापडाला चिकटलेल्या. आजोबांनी हात जोडले, "बाई, सांगू नका." त्यांनी हात जोडले म्हणून मी गप्प बसले, असं सांगितलं असतं तर शोभून दिसलं असतं. खरं नसतं. मी गप्प बसले ते तुझ्यामुळे. मला वाटलं, यात आमचं काही नाही ना? मग बघा तुमच्या टॅबमध्ये, काय दिसतं ते. दुसऱ्या दिवशी चार गोळ्या होत्या. मी अभ्रा झटकला आणि नवीन चढवला. प्राचीनं समोरून विचारलंसुद्धा, "मावशी, नऊ नंबर ठीक ना?" मी म्हटलं, "तुमच्यात लिहिलंय ना, ते बघा."

तिसऱ्या दिवशी दुपारी बीपी चढून आजोबा पडले. त्यांना आयसीयूत नेलं. ते वाचले, महिन्याभरानं घरी गेले, पण पुन्हा धड उभे राहिले नाहीत असं त्यांच्या मुलानं सांगितलं. खाट आवरताना उशीत त्या दिवशीच्या गोळ्या निघाल्या.

हॉलमध्ये मीटिंग झाली. प्राचीनं "गोळ्या दिल्या" अशी खूण केली होती, गोळ्या उशीत होत्या. तिला काढायचं जवळपास ठरलं होतं. ती रडत होती, पोरीच्या नाकातून पाणी येत होतं आणि रुमाल नव्हता. मी भिंतीला टेकून उभी होते. मी बोलायला हवं होतं. बोलले नाही.

तू उठलीस. म्हणालीस, "तिनं गोळी तोंडात घातलेली बघितली, तेच लिहिलं. गोळी पोटात गेली नाही हे ज्या बाईला कळलं असतं, तिला मी दाराबाहेर उभं केलं. त्या कागदावर सही माझी आहे. लिहायचं असेल तर माझ्या नावावर लिहा."

लिहिलं. एवढ्या नोकरीत तुझ्या फाईलला पहिला डाग लागला, तो माझा होता.

संध्याकाळी तू गेटपाशी उभी होतीस. आपण चालायला लागलो. तू भाजीचं बोललीस, नातवाच्या दाताचं बोललीस. तलावपाळीपाशी आल्यावर विचारलंस, "नऊ नंबरचे अभ्रे तूच बदलतेस ना?"

"हो."

"हं."

बस एवढंच. त्या हं नंतर तू चार वर्षांत एकदाही तो विषय काढला नाहीस. तुला कळलं होतं, शैले. मला खात्री आहे. मला विचारलं असतंस तर मी भांडले असते, काही तरी खोटं बोलले असते, आणि त्या खोट्यावर टिकून राहिले असते. तू विचारलं नाहीस. मी तुझ्यावर त्याचा राग काढला किती तरी वेळा, कारण नसताना. आता कारण सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून तू त्या टॅबच्या मागे लागलीस. आधी स्वतः शिकलीस. दुपारी जेवण झालं की वॉर्डाच्या मधोमध स्टूल घेऊन बसायचीस आणि प्राचीला विचारायचीस, हे कुठं दाबू, ते कुठं गेलं. ज्या मुलीला काढणार होते तिलाच मास्तरीण केलंस. प्रश्न असे की आम्हालाही हसू यायचं. मी म्हटलं, "मेट्रन असून सगळ्यांसमोर असं विचारतेस, लाज वाटत नाही?"

"वाटते. पण मी चार लोकांत विचारलं म्हणजे बाकीच्याही विचारतात. नाहीतर सगळ्या येतंय येतंय म्हणतात आणि चुका झाकतात."

मग कॉम्प्युटर कंपनीच्या बाईला बोलावलंस. तुला एक नवीन चौकट हवी होती, पहिल्या पानावर, सगळ्यांच्या आधी. मावशी काय म्हणते. ती बाई म्हणाली, ठेवू या, पण भरलीच पाहिजे असं नको, कामाचा खोळंबा होईल. तू म्हणालीस, "भरल्याशिवाय पुढचं पान उघडू नये. खोळंबा व्हावा म्हणूनच करते आहे." मी चहाचे कप उचलत होते, मी ऐकलं. पूर्वी तू स्वतः दार धरून उभी राहायचीस. आता ते काम त्या वस्तूच्या गळ्यात बांधलंस. माझा विश्वास नव्हता. मी म्हटलं, चौकटीत बोलणं येतं का कधी? तू म्हणालीस, लिहून तर बघ, चौथीपर्यंत काय माशा मारायला गेली होतीस? मग मी एका बोटानं टाइप करायला शिकले. पहिल्यांदा लिहिलं ते मला पाठ आहे. सहा नंबर भिंतीकडे तोंड करून झोपतो, काल नव्हता झोपत.

शेवटी शेवटी तुझं एकच टुमणं होतं. नवीन बायकांना शिकव. मी म्हणायचे, काय शिकवायचं, डोळे आहेत त्यांना. तू म्हणायचीस, डोळे तर कॅमेऱ्यालाही आहेत, काय बघायचं ते शिकव. मी म्हटलं, मी आया आहे, मास्तरीण नाही, आणि कॉन्ट्रॅक्टर नव्या बायका दर सहा महिन्यांनी बदलतो, कोणाकोणाला शिकवू? तू पुलाच्या पायरीपाशी थांबलीस.

"तू मेल्यावर अभ्रे कोण बघणार, हिरे?"

"आधी तू मर, मग बघू."

आठ दिवसांनी तू गेलीस. घरीच, खुर्चीत बसल्या बसल्या. ते बोलणं माझं होतं. मी ते परत घेत नाही, कारण तू हसली होतीस, आणि हसत हसत गाडीला गेलीस.

तुला जाऊन सहा दिवस झाले नाहीत तोवर टॅबमध्ये बदल आला. मावशीची चौकट आता ऐच्छिक. मी ऋचा मॅडमला विचारलं, ऐच्छिक म्हणजे काय? म्हणाल्या, भरली तर भरली, नाहीतर सोडून पुढे जायचं. प्रत्येक ओव्हरला काही मिनिटं वाचतात. मी म्हटलं, "आमच्या शाळेत असला विषय नव्हता." पहिल्या दिवशी दोघी-तिघींनी भरली. तिसऱ्या दिवशी कोणी नाही. आणि चौथ्या मजल्याची इनचार्ज आता प्राची आहे. ती पण सोडून पुढे जात होती. तिचा दोष नाही, वरून घड्याळ लावलं आहे.

नवव्या दिवशी तुझी शोकसभा झाली. तुझा फोटो, झेंडूचा हार, मोठे डॉक्टर. सगळे तुझ्या प्रेमळपणाबद्दल बोलले. तू काही एवढी प्रेमळ नव्हतीस. ऋचा मॅडम म्हणाल्या, मावशी, तुम्ही दोन शब्द बोला. मी उठले आणि नऊ नंबरची गोष्ट सांगितली. पहिल्या सकाळच्या दोन गोळ्या, दुसऱ्या सकाळच्या चार, मी अभ्रा कसा झटकला, प्राचीनं विचारलं तेव्हा काय उत्तर दिलं. सगळं. म्हटलं, "मेट्रन मॅडमनी माझी चूक स्वतःवर घेतली आणि त्यातून ती चौकट केली. तिथं बाईचं बोलणं नाही तिथं बाई गप्प बसते, आणि गप्प बसलेली बाई वाईट वागते. मी वागले. तुम्ही ती चौकट ऐच्छिक केली आहे. फोटोला हार घालताय तो काढा आधी, नाहीतर चौकट परत करा."

 मोठे डॉक्टर म्हणाले, बघू. प्राचीनं माझ्याकडे बघितलं. एवढी वर्षं माझ्या हातचा चहा प्यायलेली मुलगी, तिच्या डोळ्यांत मी कोण आहे ते मला त्या वेळी कळलं. ती उठून गेली.

दोन दिवसांनी कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आला. तुमचं वय झालं, पेशंटजवळ नको, उद्यापासून खाली लाँड्रीत. त्यांना वाटलं, म्हातारी सोडून जाईल. तळघरात वाफ असते, पाठ भिजते, खिडकी नाही. मी गेले.

पहिल्या दिवशी गाठोडी यायला लागली. पहिला मजला, दुसरा, तिसरा. मी एक गाठोडं सोडलं, अभ्रा उचलला, सवयीनं कोपरे चाचपले. आणि मला तिथंच हसू आलं. बाजूची बाई म्हणाली, काय झालं आजी? मी म्हटलं, काही नाही, एका बाईची आठवण झाली.

पण गाठोड्यात कुठल्या खाटेचं काय ते कळत नाही. म्हणून वरून कपडे घेऊन येतात त्या बायकांना मी धरलं. संगीता म्हणून चौथ्या मजल्याची आया आहे, शहाडची, लागून तीन महिने झालेत, कोणी बोललं की जमिनीकडे बघते. तिला म्हटलं, ज्या खाटेची चादर त्याच चादरीत अभ्रा गुंडाळायचा, गाठ मारायची आणि वर चिकटपट्टीवर खाटेचा नंबर लिहायचा. म्हणाली, "सिस्टर ओरडतील." मी म्हटलं, "मला ओरडतील म्हणून सांग. माझं काय वाकडं करणार, तळघराच्या खाली मजला नाही." मग तिला शिकवलं. कोपरे आधी. मग शिवणीत. चादर पायथ्याशी जास्त चुरगळली असेल तर माणसाला झोप नाही. हो, शिकवलं. तुझं टुमणं जिंकलं, मिरवू नकोस.

परवा दुपारी दीडच्या सुमाराला चौथ्या मजल्याची गाठोडी आली. बारा नंबर लिहिलेल्या गाठीवर संगीतानं पट्टी दोनदा चिकटवली होती. अभ्र्याच्या कोपऱ्यात एक पांढरी गोळी, अर्धी विरघळलेली. मी ती कागदात घेतली आणि जिन्यानं वर गेले. लिफ्ट आम्हाला नाही. दोनची ओव्हर सुरू झाली होती. प्राची टॅब घेऊन तीन नंबरपाशी, भोवती नर्सेस, आणि संगीता दाराबाहेर. मी ओल्या ॲप्रनमध्ये आत गेले.

"मावशी, तुमची ड्यूटी खाली आहे," प्राची म्हणाली. शोकसभेनंतर पहिल्यांदा बोलली ती माझ्याशी.

"माहीत आहे."

मी कागद उघडून धरला. तिनं गोळी बघितली. मग बारा नंबरच्या खाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिची मान ताठ झाली.

"मला तुमचा अजून राग आहे."

"असू दे. कामाला येतो."

 तिनं टॅबवर बोट फिरवून पान मागे घेतलं, अगदी पहिलं. म्हणाली, "बोला."

मी दाराकडे वळले आणि संगीताला हात धरून आत ओढलं. "मी नाही. हिनं बांधलंय गाठोडं. ही बोलेल."

पोरीच्या तोंडाला कोरड पडली, मला दिसत होतं. सगळ्या थांबल्या. एक डॉक्टर दारात आले होते, तेही थांबले. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "बारा नंबरच्या बाई गोळी घेताना पाणी पितात, पण गिळताना गळा हलत नाही. मी सकाळीच बघितलं. कोणी विचारलं नाही म्हणून बोलले नाही." प्राचीनं ते शब्दन् शब्द लिहिलं आणि मग बारा नंबरकडे गेली.

चौकट अजून ऐच्छिकच आहे, शैले. वर कोणी काही बदललेलं नाही, आणि बदलतील असं मला वाटत नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसानं काल मला विचारलं, परवानगीशिवाय वर का गेलात. मी म्हटलं, उद्या पुन्हा जाणार आहे, लिहून ठेवा. दुसऱ्या आणि पाचव्या मजल्याच्या बायका काल स्वतःहून आल्या होत्या, गाठ कशी मारायची ते विचारायला.

अभ्रे कोण बघणार, असं विचारलं होतंस ना पुलापाशी? चौथ्या मजल्यावर होते तेव्हा माझ्याकडे वीस खाटांचे यायचे. आता सातही मजल्यांचे येतात.